आर्यभटाचे युगदिवस आणि ब्रह्मगुप्ताचा प्रश्न

भारतीय ज्योतिषांतील ज्या संख्यांवर पुढील अनेक शतकांचें पंचांगगणित उभें राहिलें त्यांत १,५७,७९,१७,५०० ही एक प्रमुख संख्या होय. एका महायुगांत, म्हणजे ४३,२०,००० सौर वर्षांत, इतके सावन दिवस होतात असें आर्यभटीय ग्रंथाचें मान आहे. सावन दिवस म्हणजे एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतचा काल. परंतु आर्यभटाच्याच नांवावर युगदिवसांची दुसरीहि एक संख्या चालत आलेली आहे, ती १,५७,७९,१७,८००. दोहोंमधील अंतर बरोबर ३०० दिवसांचें. शके ५५० (इ. स. ६२८) मध्यें ब्राह्मस्फुटसिद्धांत रचणाऱ्या ब्रह्मगुप्तानें हें अंतर आर्यभटाच्या दोषांत गणिलें आहे. सूर्याचे भगण दोन्हीकडे तेच असतां सूर्योदयांच्या संख्येंत तीनशेंचें अंतर कोणत्या हेतूनें पडलें, असा त्याचा प्रश्न आहे.

हा प्रश्न दूषणाच्या भरांत केलेला असला तरी तो उत्तराच्या योग्यतेचा आहे, आणि त्याचें उत्तर इतर कोठें शोधावयास नको. तें या दोन संख्यांच्या पोटींच आहे. ज्योतिषगणिताच्या अभ्यासकांस तें अपरिचित नाहीं. परंतु त्यांतून कलियुगारंभाच्या स्वरूपाविषयीं जो निर्णय निघतो तो इतिहासाच्या अभ्यासकानें स्वतः गणित करून पारखून घ्यावा अशा योग्यतेचा असल्यामुळें, पायरीपायरीनें तो येथें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. यास बेरीज, गुणाकार व भागाकार यांपलीकडे कांहीं लागत नाहीं.

१. संख्येचा उगम

आर्यभटीयांत ही संख्या एका ठिकाणीं लिहून ठेविलेली नाहीं. गीतिकापादांत आर्यभट युगांतील भगण सांगतांना सूर्याचे ४३,२०,००० व पृथ्वीचे १,५८,२२,३७,५०० भगण देतो. पुढें कालक्रियापादांत सूर्य व पृथ्वी यांचे जितके योग तितके सावन दिवस, अशी व्याख्या करितो. म्हणजे पृथ्वीच्या भगणांतून सूर्याचे भगण वजा केले कीं युगदिवस मिळतात :

१,५८,२२,३७,५०० − ४३,२०,००० = १,५७,७९,१७,५००.

पृथ्वीचे हे भगण म्हणजे तिचें स्वतःभोंवतीं फिरणें होय. हें मत ज्या टीकाकारांस मान्य नव्हतें त्यांनीं याच संख्येस नक्षत्रमंडळाच्या भ्रमणांची संख्या मानिलें. गणितांत त्यामुळें कांहींच फरक पडत नाहीं.

या संख्या आर्यभटानें अंकांनीं न देतां अक्षरांनीं दिल्या आहेत. त्याच्या संकेतांत क पासून म पर्यंत पंचवीस व्यंजनांस १ ते २५ अशीं मूल्यें असून, व्यंजनास जोडलेला स्वर त्याचें स्थान दाखवितो. उदाहरणार्थ, ब हें तेविसावें व्यंजन. त्यास उकार लाविला म्हणजे २३ ला दहा हजारांनीं गुणावयाचें, आणि इकार लाविला तर शंभरांनीं. लेखकाच्या हातून एका मात्रेचा प्रमाद झाला कीं २,३०,००० चे २,३०० होतात. म्हणून अशी संख्या हस्तलिखितांत जशी आढळली तशी घेऊन भागत नाहीं. तिच्या अंगच्या गुणधर्मांनीं ती ताडून पाहावी लागते. युरोपांत कोलब्रुकनें १८१७ सालीं भारतीय गणितावर लिहिलें तेव्हां आर्यभटाचें मत त्यास ब्रह्मगुप्तादिकांच्या उताऱ्यांतूनच घ्यावें लागलें होतें. मुंबईचे डॉ. भाऊ दाजी यांनीं १८६५ सालीं आर्यभटादि ज्योतिष्यांच्या कालाविषयीं निबंध प्रसिद्ध केला. कर्न यांची आर्यभटीयाची मुद्रित प्रत लायडन येथें १८७४ सालीं निघाली. आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं १८९६ सालच्या आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्र या ग्रंथांत निरनिराळ्या सिद्धांतांचीं मानें शेजारीं शेजारीं मांडून मराठी वाचकांस या तुलनेचा मार्ग मोकळा करून दिला.

२. संख्येचे अवयव

आतां संख्येचें पृथक्करण करूं. तिचे मूळ अवयव पाडिले असतां येणेंप्रमाणें येतात :

१,५७,७९,१७,५०० = २ × २ × ३ × ५ × ५ × ५ × ५ × ६१ × ३,४४९.

यांपैकीं ६१ व ३,४४९ या मूळ संख्या आहेत, म्हणजे त्यांस एक व स्वतः यांवांचून दुसऱ्या कशानेंहि निःशेष भाग जात नाहीं. उलटपक्षीं ४३,२०,००० या वर्षसंख्येंत २, ३ व ५ यांवांचून दुसरा अवयवच नाहीं. त्यामुळें वर्षें व दिवस या दोहोंस निःशेष भागणारी सर्वांत मोठी संख्या ७,५०० ठरते, आणि तिनें अपवर्तन केलें कीं पुढील लहान प्रमाण हातीं येतें :

५७६ सौर वर्षें = २,१०,३८९ सावन दिवस.

६१ ला ३,४४९ नें गुणून येणारे हे २,१०,३८९ दिवसच आर्यभटाच्या वर्षमानाचें सार होय. एका वर्षाचे ३६५ दिवस धरून ५७६ वर्षांचे २,१०,२४० दिवस होतात. उरलेले १४९ दिवस ५७६ वर्षांत वांटले म्हणजे वर्षाचें मान ३६५ दिवस, १५ घटिका, ३१ पळें, १५ विपळें येतें. ५७६ हून कमी वर्षांनीं मध्यम मेषसंक्रांति दिवसाच्या त्याच क्षणीं पुन्हां येऊं शकत नाहीं, हेंहि वरील अपवर्तनावरूनच सिद्ध होतें.

भास्कराचार्यांहून प्राचीन असा जो पहिला भास्कर, ज्यानें शके ५५१ (इ. स. ६२९) मध्यें आर्यभटीयावर भाष्य लिहिलें, तो कुट्टकाच्या उदाहरणांत याच ५७६ व २,१०,३८९ या दृढ संख्या घेतो. दृढ म्हणजे ज्यांचें आणखी अपवर्तन होत नाहीं अशा. संख्या दृढ असल्याचा उपयोग असा कीं, सूर्याच्या भगणाची कोणतीहि पूर्णांक बाकी सांगितली तरी त्यावरून गत दिवस काढतां येतात. एकहि प्रश्न अनुत्तरित राहत नाहीं. बाकी १ असतां किती दिवस गेले असावे, हें आम्हीं परस्पर भागाकाराच्या रीतीनें काढून पाहिलें. २,१०,३८९ ला ५७६ नें भागून, मग भाजकास बाकीनें, असें करीत गेलें असतां भागाकार अनुक्रमें ३६५, ३, १, ६, २, ४ येतात, आणि त्यांवरून उत्तर ९४,६०२ दिवस मिळतें. पडताळा असा : ९४,६०२ × ५७६ = ५,४४,९०,७५२, व २,१०,३८९ × २५९ = ५,४४,९०,७५१; अंतर बरोबर एक. म्हणजे ९४,६०२ दिवसांत सूर्याचे २५९ भगण पुरे होऊन वर भगणाचा २,१०,३८९ वा अंश झालेला असतो.

३. चारानें भाग जाण्याचें प्रयोजन

या संख्येचा दुसरा गुण असा कीं तिला चारानें निःशेष भाग जातो. आर्यभटाच्या मतें महायुगाचे चारहि पाद सारखे, प्रत्येकीं १०,८०,००० वर्षांचे आहेत. स्मृतिपुराणांतील ४, ३, २, १ या प्रमाणाशीं हें जुळत नाहीं, म्हणून ब्रह्मगुप्तानें त्यास दोष दिला; परंतु गणिताच्या दृष्टीनें या समविभागांत एक मोठी सोय आहे. कलियुगाच्या आरंभीं महायुगाचे तीन पाद झालेले असतात. दिवसांच्या संख्येस चारानें भाग गेला तरच प्रत्येक पादांत पूर्ण दिवस, म्हणजे ३९,४४,७९,३७५, येतात व कलियुग बरोबर सूर्योदयींच सुरू होतें.

हीच गोष्ट ग्रहांची. शनीचे युगभगण १,४६,५६४, गुरूचे ३,६४,२२४, मंगळाचे २२,९६,८२४, चंद्राचे ५,७७,५३,३३६. बुधाच्या शीघ्राचे १,७९,३७,०२० व शुक्राच्या शीघ्राचे ७०,२२,३८८. या प्रत्येक संख्येस चारानें भाग जातो, आणि म्हणून कलियुगारंभीं हे सारे मेषारंभीं एकत्र येतात. चंद्राचें मंदोच्च व पात हे दोन तेवढे निराळे आहेत. मंदोच्चाचे भगण ४,८८,२१९. चारानें भागून बाकी ३. तीन पादांत ही बाकी तिप्पट होऊन ९, म्हणजे दोन पूर्ण भगण व एक चतुर्थांश. सबब मंदोच्च कलियुगारंभीं तीन राशींवर येतें. पाताचे भगण २,३२,२२६, बाकी २, तिप्पट करून ६, म्हणजे एक पूर्ण भगण व अर्धा, सबब पात सहा राशींवर येतो.

याचें ऐतिहासिक महत्त्व कशांत आहे तें पाहा. फ्रेंच ज्योतिषी बायी यानें १७८७ सालच्या आपल्या ग्रंथांत, इ. स. पूर्व ३१०२ मधील कलियुगारंभाची ग्रहस्थिति भारतीयांनीं प्रत्यक्ष आकाशांत पाहून नोंदून ठेविली होती असें प्रतिपादन केलें. लाप्लास यास तें पटलें नाहीं. त्या वर्षाच्या १८ फेब्रुवारीस ग्रह एका बिंदूंत नव्हते हें अर्वाचीन गणितानें ठरलेलें आहे. परंतु त्या गणिताकडे न जातांहि नुसत्या भगणसंख्यांकडे पाहून शंका यावयास हवी होती. आकाशांतील गति चाराच्या पटींत बसतात अशी सृष्टीची कांहीं योजना नाहीं. सहा ग्रहांचे भगण एकजात चारानें भागले जातात, तेव्हां ते तसे जुळवून घेतलेले आहेत हें उघड आहे. प्रश्न एवढाच उरतो कीं ते कोणत्या काळीं जुळविले. त्याचें उत्तर तीनशेंच्या अंतरांत आहे. परंतु त्यापूर्वीं वारांचा विचार करणें अवश्य आहे.

४. सातानें भागिलें असतां

१,५७,७९,१७,५०० ला सातानें भागिलें असतां बाकी ५ राहते, आणि तिच्या चतुर्थांशास भागिलें असतां ३. आर्यभटाच्या हिशेबानें मनु ७२ युगांचा व कल्प १,००८ युगांचा. कल्पारंभापासून कलियुगारंभापर्यंत ६ मनु, २७ युगें व ३ युगपाद, म्हणजे ४५९ युगें व तीन पाद, गेले. वारांपुरतें पाहतां ४५९ × ५ व ३ × ३ यांची बेरीज २,३०४. तिला सातानें भागून बाकी १. म्हणजे कल्पारंभीं जो वार असेल त्याच्या पुढचा वार कलियुगारंभीं येतो. भारत युद्धाच्या संबंधानें गुरुवारापूर्वींचा हा काल असें आर्यभट सांगत असल्यानें कलीचा पहिला दिवस शुक्रवार व कल्पाचा पहिला दिवस गुरुवार ठरतो. १,००८ ला सातानें निःशेष भाग जात असल्यामुळें प्रत्येक कल्प त्याच वारीं सुरू होतो, हाहि एक गुण येथें नमूद करण्यासारखा आहे.

ब्रह्मगुप्ताचें गणित सर्वस्वीं निराळें आहे. त्याच्या कल्पांत ४,३२,००,००,००० वर्षें व १५,७७,९१,६४,५०,००० दिवस. मनु ७१ युगांचा, शिवाय संधि. आणि कल्पारंभ रविवारीं. त्याच्या रीतीनें कलियुगारंभापर्यंत कल्पाचे दहा हजारांपैकीं ४,५६७ अंश गेलेले असून त्यांचे दिवस ७,२०,६३,४४,४२,७१५ होतात. यांस सातानें भागून बाकी ५. रविवारापासून पांच वार पुढें गेलें कीं शुक्रवारच येतो. दोन आचार्य, दोन कल्पारंभ व दोन वर्षमानें असतांहि कलीचा वार मात्र एकच. अहर्गणावरून वार पडताळण्याची चाल किती दृढमूल होती याचें हें उत्तम प्रत्यंतर आहे. तीच चाल पुढें महाराष्ट्रांतहि दिसते. कोंकणांतील नांदगांवचे गणेश दैवज्ञ यांनीं शके १४४२ मध्यें ग्रहलाघव रचिला, तेव्हां मोठे अहर्गण टाळण्यासाठीं ११ वर्षांचें, ४,०१६ दिवसांचें चक्र योजिलें. ४,०१६ ला सातानें भागून बाकी ५ राहते. म्हणून चक्रांच्या संख्येस पांचांनीं गुणून ती अहर्गणांत मिळवावी व सातानें भागून सोमवारापासून वार मोजावा, असा त्यांचा नियम आहे. जुन्या पत्रांतील तिथि व वार यांचा मेळ घालून मिति निश्चित करणारा संशोधक आजहि याच सातांच्या बाकीचा आधार घेत असतो.

५. तीनशें दिवसांचा उलगडा

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आर्यभटानें दिवसाचा आरंभ एकदां लंकेच्या मध्यरात्रीं व एकदां सूर्योदयीं सांगितला, असें वराहमिहिर पंचसिद्धांतिकेंत नमूद करितो. सूर्योदयाचा पक्ष तो औदयिक. आर्यभटीय त्याचा ग्रंथ. मध्यरात्रीचा पक्ष तो आर्धरात्रिक. वराहमिहिरानें सांगितलेल्या जुन्या सूर्यसिद्धांतांत तो आढळतो, व तेथें ८०० वर्षांचे २,९२,२०७ दिवस धरिले आहेत. या संख्येस ५,४०० नीं गुणिलें कीं युगाचे १,५७,७९,१७,८०० दिवस होतात. दोन्ही पक्षांत कलियुगाचा आरंभ शुक्रवारींच. परंतु आर्धरात्रिकाचा आरंभ गुरुवार संपून येणाऱ्या मध्यरात्रीं, म्हणजे औदयिकाच्या आधीं १५ घटिका, पाव दिवस आहे.

आर्यभट आपला काल स्वतः सांगतो. साठ वेळां साठ वर्षें व तीन युगपाद होऊन गेले तेव्हां त्याच्या जन्मास २३ वर्षें झालीं होतीं. म्हणजे कलि ३,६०० गत, शके ४२१, इ. स. ४९९. या ३,६०० वर्षांचे दिवस दोन्ही पक्षांनीं काढूं. ४३,२०,००० वर्षांत ३,६०० वर्षें १,२०० वेळां जातात. तेव्हां युगदिवसांस १,२०० नीं भागावें :

औदयिक : १,५७,७९,१७,५०० ÷ १,२०० = १३,१४,९३१ दिवस व एक चतुर्थांश.
आर्धरात्रिक : १,५७,७९,१७,८०० ÷ १,२०० = १३,१४,९३१ दिवस व अर्धा.

पहिल्या पक्षांत सूर्योदयापासून पाव दिवस मोजावयाचा, म्हणजे मध्याह्न. दुसऱ्यांत मध्यरात्रीपासून अर्धा दिवस मोजावयाचा, म्हणजेहि मध्याह्न. १३,१४,९३१ ला सातानें भागून बाकी २. शुक्रवारापासून दोन वार पुढें रविवार. इ. स. ४९९ च्या मार्च महिन्याची ती २१ तारीख. दोन निरनिराळ्या आरंभांपासून निघालेले दोन हिशेब त्या रविवारीं दोन प्रहरीं एका क्षणावर येऊन मिळतात.

ब्रह्मगुप्ताच्या प्रश्नाचें उत्तर हेंच. आरंभ पाव दिवस मागें नेला. शेवटचा क्षण मात्र हलवावयाचा नव्हता. म्हणून मधल्या ३,६०० वर्षांत पाव दिवस अधिक धरावा लागला. आणि १,२०० पटींनीं तो पाव दिवस युगांत ३०० दिवस होतो. असें न करितां दोन्ही पक्षांत एकच युगदिवस ठेविले असते तर त्या दिवशींच्या मध्यम सूर्याच्या क्षणांत १५ घटिकांची, व त्यामुळें चंद्राच्या स्थानांत तीन अंशांहून अधिक, चूक आली असती. तीनशेंचें अंतर हा प्रमाद नव्हे. एका पक्षांतून दुसऱ्या पक्षांत जाण्याचें तें रूपांतर आहे.

हें जुळणें आकस्मिक नव्हे, याचीहि परीक्षा करितां येते. कलि आरंभून त वर्षें झालीं असतां दोन्ही पक्षांतील अंतर दिवसाच्या एक चतुर्थांशांतून त चा १४,४०० वा भाग वजा करून येतें. हें अंतर शून्य होण्यास त ३,६०० च असावा लागतो. दुसरें कोणतेंहि वर्ष चालत नाहीं. कलियुगारंभीं अंतर १५ घटिका. पुढें तें कमी होत जाऊन शके ४२१ मध्यें नाहींसें होतें. मग उलट दिशेनें वाढूं लागतें, व कलि ५,१०० गत म्हणजे इ. स. १९९९ मध्यें ६ घटिका १५ पळें झालें. तीनशेंच्या जागीं २९६ किंवा ३०४ हें अंतर असतें तर चारानें भाग जाण्याचा नियम सांभाळला गेला असता, पण मिलनाचें वर्ष आर्यभटानें सांगितलेल्या वर्षाहून निराळें आलें असतें. ग्रंथकाराचा स्वतःच्या कालाविषयींचा शब्द व त्याच्या संख्यांचें गणित हे दोन स्वतंत्र साक्षीदार येथें एकच वर्ष सांगतात.

येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. एका दिवसाचीं पळें ३,६००, आणि कलीचीं गत वर्षेंहि ३,६००. म्हणून वर्षमान एका पळानें वाढविलें कीं शके ४२१ पर्यंतचे दिवस बरोबर एकानें वाढतात. शेवटचा क्षण रविवारचा मध्याह्न व आरंभ कोणत्या तरी दिवसाचा सूर्योदय, अशा दोन अटी घातल्या कीं युगदिवसांची संख्या १,२०० च्या टप्प्यांनींच बदलूं शकते. १,५७,७९,१६,३०० घ्या, १,५७,७९,१७,५०० घ्या, किंवा १,५७,७९,१८,७०० घ्या; मधली एकहि संख्या या अटींत बसत नाहीं. वर्षमान एका पळाच्या आंत ठाऊक असलें म्हणजे कलीचा दिवस आपोआप ठरतो. तो पाहावा लागत नाहीं, हिशेबानें निघतो.

६. प्रतिपरीक्षा

जी कसोटी सर्वांस उत्तीर्ण करिते ती कसोटी नव्हे. म्हणून हीच रीत दुसऱ्या एका संख्येस लावून पाहूं. आज प्रचलित असलेल्या सूर्यसिद्धांतांत, ज्याचें बर्जेसकृत भाषांतर १८६० सालीं प्रसिद्ध झालें, युगदिवस १,५७,७९,१७,८२८ आहेत. आरंभ मध्यरात्रींच. १,२०० नीं भागिलें असतां ३,६०० वर्षांचे १३,१४,९३१ दिवस, ३१ घटिका व २४ पळें येतात. म्हणजे मेषसंक्रांति मध्याह्नीं न येतां त्यानंतर १ घटिका २४ पळांनीं येते. शके ४२१ च्या संधीशीं ही संख्या जुळत नाहीं. वराहमिहिराच्या हातांतील सूर्यसिद्धांत व आजचा सूर्यसिद्धांत हे नांवानें एक असले तरी मानांनीं भिन्न आहेत, आणि २८ दिवसांची ही भर मागाहून पडलेली आहे, हें त्यावरून स्पष्ट होतें. नांव तेंच म्हणून ग्रंथ तोच, असें समजणाऱ्यास हें उदाहरण सावध करील.

ग्रहांचे भगणहि असेच तपासावे. चंद्र, मंगळ, शुक्र व शनि यांचे भगण दोन्ही पक्षांत सारखेच आहेत. परंतु गुरूचे औदयिकांत ३,६४,२२४ व आर्धरात्रिकांत ३,६४,२२०. बुधाच्या शीघ्राचे १,७९,३७,०२० व १,७९,३७,०००. हीं अंतरें ४ व २०, म्हणजे चाराच्याच पटींत आहेत. पण त्यांमुळें शके ४२१ मध्यें गुरूच्या स्थानांत १ अंश १२ कला व बुधाच्या शीघ्रांत ६ अंश फरक पडतो. तेव्हां या दोन ठिकाणीं खरोखरच मत बदललें आहे. तीनशें दिवसांत तसें कांहीं बदललेलें नाहीं. ब्रह्मगुप्तानें विचारावयाचें तर या दोन अंतरांविषयीं विचारणें अधिक सयुक्तिक झालें असतें.

७. या प्रमाणाची मर्यादा

वरील गणितावरून किती सिद्ध होतें व किती होत नाहीं हें स्पष्ट केलें पाहिजे. भगण चाराच्या पटींत ठेवावयाचे म्हटलें कीं ३,६०० वर्षांअखेर ग्रहाचें मध्यम स्थान १ अंश १२ कलांच्या टप्प्यांनींच बदलतां येतें. खरोखरच त्या रविवारच्या मध्याह्नीं आर्यभटाच्या मानानें मंगळ ७ अंश १२ कला, शनि ४९ अंश १२ कला, गुरु १८७ अंश १२ कला व चंद्र २८० अंश ४८ कला येतो. हीं सर्व १ अंश १२ कलांचीं पूर्ण पटें आहेत. म्हणजे एखाद्या ग्रहाचें स्थान अत्यंत अचूक माहीत असलें, तरी तें या चौकटींत बसवितांना ३६ कलांपर्यंत सरकवावें लागे. कलियुगारंभाच्या सर्वग्रहयुतीसाठीं आर्यभटानें दिलेली ही किंमत होय.

मात्र तीं स्थानें त्यानें स्वतः वेध घेऊन ठरविलीं, कीं पूर्वींच्या एखाद्या कोष्टकावरून घेतलीं, याचा निर्णय नुसत्या अवयवांवरून होत नाहीं. फ्रेंच संशोधक रोजे बिलार यांनीं १९७१ सालीं भारतीय ग्रंथांतील ग्रहस्थानांची अर्वाचीन गणिताशीं तुलना करून, आर्यभटाच्या मानांतील चुका इ. स. ५०० च्या सुमारास अल्पतम होतात असें दाखविलें व त्यावरून वेधांचा पक्ष घेतला. डेव्हिड पिंग्री यांचें मत, हीं मानें ग्रीक कोष्टकांवरून आलीं असें होतें. वेधाचा वाद त्याच्या स्वतःच्या पुराव्यांवर चालावा. शके ४२१ हें वर्ष मात्र त्या वादाच्या बाहेर आहे. लल्लाच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या बीजसंस्कारांतहि शकांतून ४२० वजा करून मग संस्कार काढावयाचा असतो. आर्यभटाचीं मानें ज्या सुमारास निर्दोष धरावयाचीं तें वर्ष परंपरेस एका वर्षाच्या फरकानें ठाऊक होतें, असा त्याचा अर्थ होतो.

८. उपसंहार

या विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यांत असा. (१) आर्यभटाच्या युगदिवसांस चारानें जाणारा भाग, त्यांच्या सातांची बाकी, आणि १,२०० नीं भागिल्यावर उरणारा पाव दिवस, हे तीन गुण परस्परांशीं जुळतात. सबब हस्तलिखितांतून आलेली ही संख्या शुद्ध आहे असें मानण्यास बळकट आधार आहे. (२) दोन पक्षांतील तीनशें दिवसांचें अंतर शके ४२१ च्या मध्यम मेषसंक्रांतीस दोहोंचा मेळ राहावा म्हणून आहे. (३) कलियुगारंभ हा त्या वर्षाकडून मागें मोजून काढलेला गणिताचा आरंभ आहे, इ. स. पूर्व ३१०२ मधील वेधाची ती नोंद नव्हे. ज्यांस भारत युद्धाचा काल ठरवावयाचा असेल त्यांनीं तो इतर प्रमाणांनीं ठरवावा. या अंकास साक्षीला बोलावूं नये.

ब्रह्मगुप्तासंबंधीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. ब्राह्मस्फुटसिद्धांतानंतर सदतीस वर्षांनीं, शके ५८७ (इ. स. ६६५) मध्यें, त्यानें खंडखाद्यक हा करणग्रंथ रचिला. आर्यभटाच्या गणिताशीं तुल्य फल देणारा, पण रोजच्या व्यवहारास सोपा, असा ग्रंथ देण्याचा त्यांत त्याचा उद्देश आहे. त्यासाठीं त्यानें घेतलेलें प्रमाण ८०० वर्षें व २,९२,२०७ दिवस हेंच आहे. म्हणजे युगाचे दिवस १,५७,७९,१७,८००. तीनशें दिवस अधिक कां, असें ज्या संख्येविषयीं त्यानें विचारिलें होतें, तीच संख्या पंचांग करणारांच्या हातीं त्यानें स्वतः दिली.